रेकॉर्डवरची तांबी

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीने 'आदर्श पेट पेरेंट' असा पुरस्कार देण्याची नवी टूम काढली आणि पहिल्याच वर्षी तो भाटियाबाईंना दिला. क्लबहाउसमध्ये फुगे लावले होते. केक दोन होते, एक माणसांचा आणि एक कुत्र्यांचा. भाटियाबाईंचा ब्रूनो नावाचा हस्की गळ्यात बो बांधून स्टेजवर आला आणि माइकच्या स्टँडपाशी त्याने मागचा पाय वर केला. सगळे हसले, "सो क्यूट!" म्हणून कुणीतरी किंचाळलं आणि हाउसकीपिंगची मुलगी फडकं घेऊन धावली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाईंनी तर हात पदराखाली घेतले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साळवेबाईंना घालवून दिलंत आणि आता बक्षिसं वाटताय होय!" तिथे मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही वाचलो.

साळवेबाईंची आठवण मला अधूनमधून येतेच, पण त्या दिवशी ती रागाने आली, आणि तो राग अजून उतरलेला नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, त्याआधी एकदा नुसत्याच येऊन गेल्या होत्या. उंच, सडसडीत बाई. इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. दार उघडल्यावर नमस्कार करून म्हणाल्या, "मी वत्सला साळवे. पुढच्या आठवड्यात समोर राहायला येतेय. माझ्याबरोबर एक कुत्री आहे. तुमच्या घरात कुत्र्याला कोण घाबरतं?"

नोएडात मराठी शेजार मिळाला की माणसं आधी गाव विचारतात, मग आडनावावरून अंदाज बांधतात, मग चितळ्यांच्या नाही तर कुणाच्या तरी बाकरवडीवर येतात. इथे यातलं काहीच नाही. एकदम कुत्र्याला कोण घाबरतं!

"मी!" सासूबाई आतून ओरडल्या. "आणि घाबरते म्हणजे चांगलीच घाबरते. आधीच सांगून ठेवते."

"बरं झालं सांगितलंत," साळवेबाई म्हणाल्या. "तुम्ही खाली फिरायला कधी जाता?"

सासूबाईंनी वेळ सांगितली. साळवेबाईंनी ती लक्षात ठेवली आणि ती वेळ त्यांनी स्वतःपुरती कायमची रद्द केली. मग त्या आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरी गेल्या. वरच्या-खालच्या मजल्यांवरही गेल्या, कारण लिफ्ट सगळ्यांची एकच. दिल्लीकडच्या लोकांना हा प्रकार काही उमजेना. वरच्या मजल्यावरचे मलिकसाहेब त्यांना दारातूनच "हमें कुछ नहीं लेना, मैडम" म्हणाले. बाई काहीतरी विकायला आल्यात असंच त्यांना वाटलं.

"कुत्रं पाळणारे सगळे सुरुवातीला असंच गोड बोलतात," सासूबाई दार लावून घेत म्हणाल्या. "नंतर म्हणतात, काही करत नाही हो तो!"

साळवेबाई केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेल्या. सगळा संसार दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला, नवरा तिथेच गेला, मुलगा तिथेच शिकून बेंगळुरूला पळाला. पुढे ती क्वार्टरं पाडायला काढली तेव्हा एकेक ब्लॉक रिकामा होत गेला. लोकांनी कूलर नेले, तुळशीच्या कुंड्या नेल्या, दारावरच्या पाट्या उचकटून नेल्या. दारात भाकरी टाकून वाढवलेली कुत्री मात्र तशीच राहिली. कुलूप लावलेल्या दारांसमोर ती आपापल्या पायरीवर बसून असायची, असं बाई सांगत. त्यांच्या पायरीवर तांबी बसायची. म्हणून तांबी नोएडाला आली.

तांबी म्हणजे आपली साधी गावठी कुत्री. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. मार्केटच्या गर्दीत एकदा कुणाच्या तरी स्कूटरने तिला मागून उडवलं होतं. हाड जुळलं, पण पाठीमागून काही आलं की तिच्या अंगावर काटा यायचा. हे बाई प्रत्येकाला आवर्जून सांगत. "पीछे से हाथ मत लगाइए, प्लीज़. सामने से आइए." पण हे ऐकणाऱ्याला पुढून यायचं असे कुठे? त्याला मुळात यायचंच नसे.

त्यांचं एक वाक्य होतं. "भीती समोरच्याची असते, कुत्रं आपलं असतं. मग बाजूला कुणी व्हायचं?" या एका वाक्यावर त्यांनी सगळा दिनक्रम बांधलेला. कुणी घाबरट माणूस बाहेर पडायच्या आत, दिल्लीच्या मरणाच्या थंडीतसुद्धा, त्या धुक्यात तांबीला फिरवून आणायच्या. लिफ्टचं दार उघडलं की आधी आत डोकावायचं. आत कुणी असेल तर "आप चलिए". एकदा एक तरुण मुलगा म्हणाला, "आ जाइए आंटी, जगह है." त्यावर या म्हणाल्या, "जगह तो है बेटा, पर तुमने पीछे हटकर कहा." आणि दार बंद होऊ दिलं. हातात एक पाण्याची बाटली असायची. तांबीने कुठल्या खांबापाशी काही केलं की लगेच पाणी ओतायच्या. दुसऱ्या हातात जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन. मराठी वर्तमानपत्र त्या त्यासाठी वापरत नसत. ते पोस्टाने यायचं आणि त्या ते जपून ठेवायच्या. तांबीसाठी इंग्रजी.

आणि त्यांची सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे 'कोपरा'. लिफ्टमध्ये, जिन्यात, पोर्चमध्ये, कुठेही कुणी माणूस समोरून आला की बाई हळूच म्हणायच्या, "तांबी, कोपरा." की तांबी जवळचा कोपरा गाठून भिंतीकडे तोंड करून बसायची. शाळेत शिक्षा केलेल्या मुलासारखी. माणूस निघून गेला की "शहाणी माझी ती" आणि कमरेच्या बटव्यातून चण्याचा दाणा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा सासूबाई चक्क उभ्या राहिल्या. "अहो, पण तिला तिकडे का बघायला लावता?"

"माणसाला कुत्र्याच्या तोंडाची भीती वाटते," बाई म्हणाल्या. "दात दिसले नाहीत की निम्मी भीती कमी होते. मी बघितलंय."

आमची मुलगी दिल्लीत वाढलेली. तिने मला विचारलं, "आई, कोपरा म्हणजे?" मी सांगायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "जा, त्या तांबीला विचार. तिचं मराठी तुझ्यापेक्षा बरं आहे." त्यात अतिशयोक्ती नव्हती. बाईंचा मुलगा फोनवर "आई यार, बिल्कुल टाइम नहीं" असं बोलायचा. दिवसभरात बाई सलग मराठी बोलायच्या त्या फक्त तांबीशीच. भाजीत मीठ जास्त झालं इथपासून ते अमुक सहसचिव कसा लबाड होता इथपर्यंत सगळं. हळूहळू सासूबाई त्यांच्याकडे जायला लागल्या. आधी दारातून बोलायच्या, मग खुर्चीवर पाय वर घेऊन बसायला लागल्या, आणि एक दिवस मी पाहिलं तर पाय खाली होते आणि तांबी त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपली होती. "झोपलीय तोवर ठीक आहे," सासूबाई मला डोळे वटारून म्हणाल्या.

आता असं माणूस सोसायटीला आवडायला हवं की नको? पण जगाची रीत उलटी असते. सोसायटीत कुत्री पुष्कळ होती. त्यांना फिरवायचं काम घरात कामाला येणाऱ्या बायकांकडे नाही तर गार्डकडे. ती बिचारी माणसं साखळी धरायची, घाण कोण उचलणार? वाकून घाण उचलणारी बाई सगळ्या आवारात एकच. त्यामुळे झालं काय, की जिथे घाण दिसेल तिथे लोकांना साळवेबाई आठवायला लागल्या. एकदा पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीतून एक गृहस्थ चहा पीत पीत ओरडले, "मैडम, वो झूले के पास भी पड़ा है. वो भी उठा लीजिए."

मी बरोबर होते. मला इतका संताप आला! "काकू, सांगा ना त्यांना, ते तांबीचं नाही म्हणून."

"भांडायला वेळ लागतो गं नीता, उचलायला नाही लागत," बाई म्हणाल्या. झोपाळ्यापाशी गेल्या आणि उचललं. वरून "थैंक्यू जी" आलं. दुसऱ्या दिवसापासून झोपाळ्याजवळची जागा जणू त्यांच्या नावावरच झाली.

मग सोसायटीने पाळीव प्राण्यांसाठी समिती केली आणि नियम करायला साहजिकच साळवेबाईंना बसवलं. जन्मभर सरकारी टिपणं लिहिलेली बाई. लोकांना वाटलं, फुकटात काम होतंय. त्यांनी नियम केले ते सगळे साधे आणि सरळ. लस टोचलेली हवी, नोंदणी हवी, साखळी मोठ्या माणसाच्या हातात हवी. आणि एक नियम त्यांनी हट्टाने घातला. कुणाचाही कुत्रा कुणाला चावला, अगदी नुसता दात लागला, तरी मालकाने स्वतः होऊन सोसायटीला कळवायचं. चावलेल्या माणसाने तक्रार करायची वाट बघायची नाही. "चावलेला माणूस गार्ड असेल, डिलिव्हरीवाला असेल, तर तो तक्रार करणार आहे का?" असं त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाटियाबाईंनी टाळ्या वाजवल्या. "आंटी, यू आर सो राइट!"

या भाटियाबाई तशा वाईट नव्हत्या, हेही सांगायला हवं. हसतमुख, मोकळ्या. कुठल्याही कुत्र्याला बघितलं की "मेरा बच्चा!" म्हणून गुडघ्यावर बसायच्या. प्राण्यांना माणूस कळतो आणि त्यांना आपण कळलो आहोत, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांचा ब्रूनो मोकळाच असायचा. लिफ्टमध्ये लोकांच्या खांद्यावर पाय ठेवायचा. गेटवरच्या गार्डच्या पोटरीला त्याने एकदा दात लावले तेव्हा "खेल रहा था, भैया" म्हणून त्यांनी गार्डला मिठाईचा डबा दिला. गार्डने डबा घेतला आणि इंजेक्शनं सरकारी दवाखान्यात जाऊन घेतली. सोसायटीला कुणी काही कळवलं नाही. नियम होऊन फार दिवसही झाले नव्हते.

आणि मग ती सकाळ. आमच्या टॉवरच्या पोर्चमध्ये साळवेबाई तांबीला घेऊन उभ्या होत्या. आतून दोन-तीन माणसं बाहेर येताना दिसली म्हणून त्या म्हणाल्या, "तांबी, कोपरा." तांबी गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या माणसांत भाटियाबाई होत्या. त्यांनी ते बघितलं आणि त्यांचं मन भरून आलं. "अले, मेले बच्चे को पनिशमेंट मिली?" म्हणत त्या धावल्या आणि बाई "नहीं, पीछे से नहीं" म्हणेपर्यंत त्यांनी तांबीला मागून दोन्ही हातांनी मिठी मारली.

तांबी गर्रकन वळली आणि हाताला चावली.

फार नाही. मनगटापाशी दोन दात लागले, थोडं रक्त आलं. भाटियाबाईंना दुखण्यापेक्षा धक्का जास्त बसला होता. "कुछ नहीं हुआ, कुछ नहीं हुआ," त्याच म्हणत होत्या. बाकीची माणसं आपापल्या ऑफिसला निघून गेली. विषय तिथेच संपला असता. साळवेबाईंनी संपू दिला नाही. त्यांनी भाटियाबाईंचा हात नळाखाली धरला, साबणाने धुतला, धुतच राहिल्या, मग टॅक्सी करून त्यांना दवाखान्यात नेलं आणि इंजेक्शन देववून घरी आणून सोडलं. पुढच्या प्रत्येक इंजेक्शनला त्याच घेऊन गेल्या. आणि त्याच दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी स्वतः लिहिलं, की माझी कुत्री आज एका रहिवासी महिलेला चावली आहे, उपचार चालू आहेत, कुत्रीला लसी दिलेल्या आहेत, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ती घरात नजरेखाली राहील, आणि चूक माझी आहे.

"चूक तुमची कशी काकू?" मी भडकून विचारलं. "त्या बाईने मागून धरलं!"

त्या स्वयंपाकघरात तांबीसाठी भात कालवत होत्या. हात तसाच थांबला. "लोकांना तोंडाची भीती वाटते, म्हणून मी तिचं तोंड भिंतीकडे केलं. तिची भीती पाठीत होती गं. ती मी लोकांकडे करून ठेवली. इतकी वर्षं मला दिसलं नाही बघ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना रडताना त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही.

त्यानंतर 'कोपरा' बंद झाला. पण तोवर ग्रुप पेटला होता. आधी लोकांनी "टेक केयर" लिहिलं, हात जोडले. मग कुणीतरी लिहिलं, की बच्चों की सेफ्टी का क्या? मग आणखी कुणीतरी म्हणालं, देसी कुत्ता है, इनका कोई भरोसा नहीं. रात्रीपर्यंत तांबी खुनी ठरली. मी लिहिलं, की ब्रूनो गार्डला चावला होता त्याचं काय? त्यावर सेक्रेटरींनी ताबडतोब उत्तर दिलं, "ऐसी कोई शिकायत रिकॉर्ड में नहीं है." आणि खरंच नव्हती. सोसायटी बांधल्यापासून कुणाचाच कुत्रा कुणालाच चावला नव्हता. रेकॉर्डवर चावलेली कुत्री एकच होती, कारण रेकॉर्डवर आणणारी बाई एकच होती.

मीटिंग झाली. भाटियाबाई हाताला पट्टी बांधून आल्या आणि म्हणाल्या, "मुझे तो कोई प्रॉब्लम नहीं, मैं तो डॉग लवर हूँ. पर बच्चों का सोचिए." तांबीला तोंडाला जाळी बांधूनच खाली आणायचं असं ठरलं. साळवेबाई म्हणाल्या, "योग्य आहे." तांबी खाली येण्याआधी गार्डला इंटरकॉमवर सांगायचं, म्हणजे तो मुलांना बाजूला करेल, असं ठरलं. त्यालाही त्या "चांगली पद्धत आहे, सगळ्यांनाच लावा" म्हणाल्या. सगळ्यांना लावली नाही. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या पोर्चमध्ये गार्डची हाक ऐकू यायची, "तांबी आ रही है, हट जाओ!" आणि मुलं किंचाळत पळायची. त्यांना तो खेळच झाला. जाळी बांधलेली म्हातारी कुत्री आणि तिच्यामागून ताठ मानेने चालणारी बाई. सासूबाई बाल्कनीतून बघायच्या आणि आत येऊन देवाशी बसायच्या.

त्यांचा मुलगा फोन करायचा. "आई यार, शेल्टरला दे ना. कशाला टेन्शन घेतेस?" या शांतपणे सांगायच्या, "एकदा पायरीवर बसवून आलेले लोक मी बघितलेत. मला त्यांच्यात जायचं नाही." तांबीला ठेवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. ग्रुपवर 'तांबीला सोसायटीतूनच काढा' असं सुरू झालं, तेव्हा मी म्हणाले, "काकू, तुम्ही सरकारी माणूस. कुत्रा काढा म्हणायचा सोसायटीला अधिकारच नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे."

"कायदा माझ्या बाजूने आहे गं," त्या म्हणाल्या, "पण लिफ्ट त्यांच्या बाजूने आहे."

तरीही त्या राहिल्या असत्या. सोसणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण एक दिवस पार्किंगमध्ये एका डिलिव्हरीवाल्याला कुत्रा चावला. चांगला चावला, पँट फाटली. तो ओरडत गेटवर गेला आणि दुपारपर्यंत ग्रुपवर सगळ्यांना माहीत होतं की कोण चावलं. "सेम डॉग अगेन?" असं कुणीतरी विचारलं, पुढच्याने प्रश्नचिन्ह काढून टाकलं. तांबी त्या वेळी बाईंबरोबर जनावरांच्या डॉक्टरकडे होती. मी लिहिलं, बाईंनी लिहिलं. गार्डला विचारा म्हटलं, तर गार्ड म्हणाला, "हमने देखा नहीं, मैडम." ज्याने पोटरीवर दात झेलले होते तोच हा गार्ड. त्याला नोकरी टिकवायची होती.

आवारात मोकळा फिरणारा कुत्रा एकच, म्हणून साळवेबाई मला घेऊन थेट भाटियांच्या घरी गेल्या. ब्रूनो सोफ्यावर पसरला होता. बाईंनी आवाज चढवला नाही. "आप ग्रुप पर लिख दीजिए कि ब्रूनो था. बस. और कुछ नहीं चाहिए."

भाटियाबाई पुढे आल्या. मग त्यांनी बाईंचा हात हातात घेतला, प्रेमाने. "आंटी, समझिए ना. आपकी वाली का तो रिकॉर्ड में है ही. एक और से क्या फ़र्क पड़ेगा? हमारे ब्रूनो का पहला हो जाएगा."

असं म्हणताना त्यांना आपण काही वाईट बोलतोय असं वाटत नव्हतं, ही त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट. त्या खरोखरच हिशेबाचं, समजुतीचं बोलत होत्या. वर विचारलं, "चाय लेंगे?"

साळवेबाईंनी हात सोडवून घेतला. "नहीं," म्हणाल्या. लिफ्टची वाट न बघता आम्ही जिन्याने वर आलो. एका वळणावर त्या कठड्याला धरून थांबल्या. मला वाटलं दम लागला. त्या म्हणाल्या, "नीता, तो नियम मीच केला होता ना?" मी हो म्हटलं. "लोकांनी खरं सांगावं म्हणून केला होता," त्या म्हणाल्या. "खरं सांगणारा कोण, ते शोधायला त्याचा उपयोग झाला." पुढे चढत गेल्या. त्यानंतर या विषयावर त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, ग्रुपवरही नाही आणि घरातही नाही.

थंडी सरायच्या आत त्यांनी फ्लॅट भाड्याने दिला आणि त्या दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, रिजच्या जंगलाच्या कडेच्या एका गल्लीत, तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा घेऊन राहायला गेल्या. टेम्पोत सामान चढत असताना ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं, "थैंक यू फॉर योर कोऑपरेशन, साळवे मैडम." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. भाटियाबाईंनी हृदय पाठवलं. सासूबाई खाली जाऊन तांबीच्या डोक्यावर हात ठेवून आल्या, पुढून. वर येऊन जेवल्या नाहीत.

पुरस्काराच्या त्या समारंभानंतर मला राहवेना. पुढच्या रविवारी मेट्रोने, मग रिक्षाने मी त्यांच्याकडे गेले. बाई वाळल्या होत्या, पण साडी तशीच इस्त्रीची. तांबी दाराशी होती, तिला आता नीट दिसत नव्हतं. चहा झाला. मी मुद्दाम भाटियाबाईंच्या बक्षिसाचं काही काढलं नाही. त्यांनीही सोसायटीतलं कुणी कसं आहे हे विचारलं नाही, फक्त सासूबाईंचे गुडघे विचारले. इथे कसं वाटतं म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं आहे. कुणी काही विचारत नाही." मग म्हणाल्या, "चल, हिला फिरवून आणू," आणि आम्ही रिजच्या रस्त्याला लागलो. ऊन छान पडलं होतं. झाडांवर माकडं होती. तांबी बाईंच्या पायाला घासत चालत होती. तोंडाला जाळी नव्हती.

समोरून एक तरुण आई छोट्या मुलीला घेऊन येत होती. मुलीने तांबीला बघितलं आणि आईचं बोट सोडून थांबली. हात लावायचा होता तिला, पण भीतीही वाटत होती. आईने हसून विचारलं, "आंटी, काटती तो नहीं?"

मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं त्या आता सगळं सांगतील. सांगतील की पाठीला हात लावायचा नाही, की एकदा चावली आहे, की तिची चूक नव्हती.

"नहीं बेटा," साळवेबाई म्हणाल्या. "इसने कभी किसी को नहीं काटा."

किती सहज म्हणाल्या. खाली वाकल्या, तांबीचं तोंड एका हाताने घट्ट धरून दाबून ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने मुलीला जवळ बोलावलं. मुलगी खुश होऊन तांबीचं डोकं कुरवाळत होती. तिची आई फोनवर फोटो काढत होती. बाईंची बोटं तांबीच्या जबड्याभोवती पांढरी पडली होती आणि मुलीकडे बघून त्या हसत होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.